जुनी शिडाची बोट नव्या मरीनात नेताना: एक प्रकरण अभ्यास

वापरलेली शिडाची बोट विकत घेतली, ती जिथे बांधलेली आहे तिथे ठेवायची नाही, आणि तिला नव्या मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवण्याच्या बंदरात, नेणारा माणूस नवशिका आहे, ही परिस्थिती अनेकांच्या वाट्याला येते. अशा स्थलांतरांत जे प्रश्न हमखास पुढे येतात ते एकाच प्रवासात गुंफून येथे मांडले आहेत. बोटीचे, किनाऱ्याचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, कारण येथे महत्त्व निर्णयांना आहे. कोणता निर्णय कोणत्या क्षणी आणि कोणत्या माहितीवर घेतला गेला, हे पाहण्यासाठी हे प्रकरण लिहिले आहे.

बोट, मालक आणि अंतर

बोट सुमारे २७ फूट लांबीची, एका डोलकाठीची, फायबरग्लासची आणि वीस वर्षांहून जुनी. तिची कील, म्हणजे तळाचा खोल उतरणारा भाग, पाण्याखाली १.४ मीटर जाते, पोटात दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन आहे, आणि विक्रीपूर्वीचे दोन हंगाम ती धक्क्याला बांधूनच होती. नव्या मालकांनी शिडे हाताळण्याचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि इतरांच्या बोटींवर ते किनाऱ्यालगत फिरलेही होते. मात्र स्वतःच्या जबाबदारीवर एका बंदरातून दुसऱ्या बंदरात बोट नेण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग होता.

जुनी मरीना नदीच्या मुखाशी होती आणि नवी मरीना ३८ सागरी मैलांवरच्या एका खाडीत. दहाव्या मैलावर एक उपसागर होता, जिथे वारा जमिनीकडून असेल तर नांगर टाकता येत असे. सतराव्या मैलावर एक भूशिर समुद्रात घुसलेले होते आणि त्याच्या टोकाशी भरती-ओहोटीचा प्रवाह जोरात वाहत असे. एकविसाव्या मैलावर भरती-ओहोटीच्या कोणत्याही वेळी शिरता येईल असे रुंद तोंडाचे बंदर होते. नव्या मरीनाच्या वाटेवर, खाडीच्या तोंडाशी, वाळूचा दांडा होता आणि नकाशात तेथील खोली, म्हणजे सर्वांत खालच्या ओहोटीलाही राहणारे पाणी, १.२ मीटर दाखवलेली होती.

बोट ट्रेलरवरून रस्त्याने नेणे किंवा मानधन घेऊन बोटी पोहोचवणाऱ्या नाविकाला बोलावणे, हे दोन पर्याय मालकांनी तपासले. रस्त्याने नेण्यासाठी डोलकाठी उतरवावी लागते, दोन्ही टोकांना क्रेन लागते आणि खर्च अंतराच्या मानाने जास्त येतो. पण जिच्या डोलकाठीच्या तारांवर किंवा तळावर संशय आहे अशा बोटीसाठी तोच योग्य मार्ग ठरतो. येथे तज्ज्ञाच्या पाहणीत तसे काही गंभीर आढळले नव्हते. शेवटी एका अनुभवी मित्राला सोबत घेऊन समुद्रमार्गे जायचे ठरले.

तारखेचे ओझे

जुन्या बर्थचा, म्हणजे बोट बांधण्याच्या जागेचा, करार महिनाअखेरीस संपत होता आणि महिनाअखेर रविवारी येत होती. मित्राला फक्त शनिवार-रविवार मोकळे होते. म्हणून शनिवारी पहाटे निघायचे असे जवळजवळ ठरल्यासारखेच होते. गुरुवारच्या अंदाजात शनिवारी नेमका समोरून, ब्यूफोर्ट मापनश्रेणीवर ५ बलाचा, म्हणजे १७ ते २१ नॉटचा (ताशी तितक्या सागरी मैलांचा) वारा दिसत होता आणि झोत त्याहून वर जाणार होते.

समोरून येणाऱ्या वाऱ्याचा अर्थ नवशिक्याच्या पूर्ण लक्षात येतोच असे नाही. शिडाची बोट वाऱ्याच्या दिशेला साधारण ४५ अंशांहून जवळ जाऊ शकत नाही, म्हणून ती नागमोडी चालवावी लागते आणि अंतर जवळजवळ १.४ पट होते. ३८ मैलांचे ५४ मैल होतात, आणि ताशी साडेचार मैलांच्या वेगाने बारा तास लागतात. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा नॉटऐवजी वीस नॉट वारा असला की शिडावरचा भार चौपट होतो. त्यात भूशिराशी प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध असेल, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. अनोळखी बोटीची पहिली परीक्षा अशा पाण्यात घेण्याचे काही कारण नव्हते.

मालकांनी जुन्या मरीनाकडे आणखी एका आठवड्याची मुदत मागितली आणि दिवसाच्या दराने पैसे भरले. या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय मी याला मानतो. स्थलांतराच्या खर्चाचा अंदाज बांधताना जुन्या बर्थचे आठ-दहा जादा दिवस त्यात आधीच धरले, तर हवामान पाहून थांबण्याचे स्वातंत्र्य विकत घेतल्यासारखे होते. ज्याला सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे, ज्याचा करार संपत आला आहे आणि ज्याने घरी पोहोचण्याची वेळ सांगून ठेवली आहे, तो माणूस हवामानाच्या अंदाजातली प्रतिकूल ओळ वाचूनही निघतो. या तिन्ही बंधनांपैकी कराराचे बंधन पैशाने सुटते, म्हणून ते सर्वांत आधी सोडवावे.

मिळालेल्या आठवड्यातली तपासणी

तपासणीचा क्रम मित्राने ठरवला: आधी बोट बुडवू शकणाऱ्या गोष्टी, मग ती थांबवू शकणाऱ्या, आणि सोयीच्या गोष्टी सर्वांत शेवटी.

पहिल्या गटात तळाच्या झडपा येतात. प्रत्येक झडप हाताने बंद-उघड करून पाहिली. त्यातली एक जाम झाली होती, ती सोडवून घेतली. प्रत्येक झडपेशेजारी निमुळती लाकडी गुडदी दोरीने बांधून ठेवली. हे काम क्षुल्लक वाटू शकते, म्हणून एक हिशोब सांगतो: पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटीमीटरवर ३८ मिलिमीटर व्यासाचे भोक उघडे राहिले, तर मिनिटाला साधारण १४० लिटर पाणी आत येते. हातपंपावर बसलेला एकटा माणूस ते फार काळ उपसू शकत नाही.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा, त्यांची टोके, पिना आणि शॅकल यांची बोटाबोटाने तपासणी झाली. या तारांचा एकही धागा तुटलेला आढळला तर ती तार बदलावी लागते, आणि स्टेनलेस स्टील बाहेरून चकचकीत असले तरी टोकाच्या आत झिजलेले असू शकते. म्हणूनच दहा ते पंधरा वर्षांनी तारा बदलण्याचा संकेत आहे. येथे मागील मालकाने सहा वर्षांपूर्वी तारा बदलल्याची पावती होती.

इंजिनाचे तेल, पट्टा आणि समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी इम्पेलर बदलला. इम्पेलरची दोन पाती तुटलेली निघाली, म्हणून त्यांचे तुकडे पुढच्या नळीत शोधून बाहेर काढले. ते तसेच राहिले असते तर नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापले असते. डिझेलचे दोन्ही फिल्टर नवे घातले आणि आणखी दोन सुटे घेतले. टाकीच्या तळाशी काय आहे, हे मात्र कोणी पाहिले नाही. ती टाकी कॉकपिटखाली, म्हणजे सुकाणूजवळच्या बसण्याच्या जागेखाली होती, तिला तपासणीचे झाकण नव्हते आणि सुरुवातीला काढलेल्या फिल्टरमध्ये थोडाच काळसरपणा दिसला होता.

आठवड्याच्या मध्यावर नदीच्या मुखाबाहेर अर्ध्या दिवसाची चाचणी फेरी झाली. मुख्य शीड आखडण्याची, म्हणजे रीफ घेण्याची, एक दोरी पुलीत अडकत होती. व्हीएचएफ रेडिओवर दुसऱ्यांचे बोलणे ऐकू येत होते, पण आपले बोलणे बंदराला तुटक पोहोचत होते. डोलकाठीच्या बुडाशी असलेला अँटेनाचा जोड गंजला होता. दोन्ही दोष धक्क्यावर तासाभरात दूर झाले. संकटाच्या वेळी चॅनल १६ वरून हाक मारायची वेळ आली असती आणि तोपर्यंत हा जोड तसाच राहिला असता, तर त्याची किंमत वेगळी असती. चाचणी फेरी वगळण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ती प्रवासासारखीच वाटते आणि कुठेही पोहोचवत नाही. पण बिघाड परत येण्याच्या अंतरावर घडावेत, हाच तिचा हेतू असतो.

कागदपत्रांपैकी एकाच गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे लागले. विम्यात बोटीचे ठिकाण आणि फिरण्याचे क्षेत्र लिहिलेले असते, त्यामुळे निघण्यापूर्वीच विमा कंपनीला नव्या मरीनाचे नाव, प्रवासाचा मार्ग आणि बोटीवरच्या माणसांचा अनुभव लेखी कळवला आणि मंजुरी घेतली. नवी मरीनाही तृतीयपक्ष विम्याचा दाखला मागणारच होती.

आखणी

बोटीची पाण्यालगतची लांबी २२ फूट होती. अशा बोटीचा कमाल व्यावहारिक वेग फुटांतील या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणून मिळतो. येथे तो ६.३ नॉट येतो. विक्रीच्या जाहिरातीत सहा नॉट लिहिलेले होते आणि मालकांनी आधी त्याच आकड्यावर वेळापत्रक बसवले होते. मित्राने साडेचार नॉट धरायला लावले. कमी वेगाने आखलेला प्रवास लवकर संपला तर थोडा वेळ वाट पाहावी लागते, जास्त वेगाने आखलेला प्रवास अंधारात संपतो.

साडेचार नॉटने ३८ मैलांना साडेआठ तास लागतात, म्हणजे एका दिवसात हा प्रवास होऊ शकला असता. तरीही मधली रात्र एकविसाव्या मैलावरच्या बंदरात काढायची ठरवून तो दोन दिवसांत वाटला, आणि त्याला दोन कारणे होती. भूशिर प्रवाह थांबण्याच्या वेळी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास ओलांडायचे होते, त्यासाठी साडेसातला निघणे भाग होते. खाडीच्या तोंडावरचा दांडा चढत्या भरतीतच ओलांडायचा होता, कारण चढत्या पाण्यात बोट टेकली तरी पुढचे पाणी तिला उचलते आणि उतरत्या पाण्यात टेकलेली बोट तासन्‌तास अडकते. या दोन वेळा एकाच दिवशी जुळत नव्हत्या.

दांड्यावरच्या खोलीचा हिशोब असा होता. कीलसाठी १.४ मीटर आणि लाटांसाठी एक मीटर राखून २.४ मीटर पाणी हवे होते. नकाशातली खोली १.२ मीटर, म्हणजे त्यावर पाणी किमान १.२ मीटर चढलेले असायला हवे. त्या दिवशी ओहोटीची उंची ०.६ आणि भरतीची ३.८ मीटर होती, फरक ३.२ मीटर. पाणी चढताना पहिल्या तासात एकूण फरकाच्या साधारण बाराव्या हिश्श्याने आणि दुसऱ्या तासात दोन बारांश हिश्श्याने वाढते, या जुन्या नियमाने दोन तासांत ०.८ मीटर वाढ धरता येते. म्हणून ओहोटी संपल्यावर दोन तासांनी पोहोचायचे ठरले. तेव्हा दांड्यावर २.६ मीटर पाणी मिळणार होते. उधाणाच्या आणि भांगाच्या दिवसांत हे आकडे बरेच बदलतात, त्यामुळे हा हिशोब प्रत्येक तारखेसाठी नव्याने करावा लागतो.

परत फिरण्याचे ठिकाणही आखणीतच लिहिले होते. दहाव्या मैलावर पोहोचल्यावर वारा अंदाजापेक्षा एका बलाने वाढलेला असेल, कोणी समुद्र लागून आजारी पडले असेल किंवा इंजिनाबद्दल शंका असेल, तर भूशिराकडे न जाता मागे फिरायचे. भूशिरापासून दीड मैल अंतर राखायचे, हेही आधीच ठरले.

पहिला दिवस

दुसऱ्या शनिवारी वारा बाजूने आणि ३ बलाचा होता. इतक्या हलक्या वाऱ्यात नुसत्या शिडांवर बोट चार नॉटही चालेना, आणि भूशिराची वेळ गाठायची होती, म्हणून मुख्य शीड वर ठेवूनच इंजिन सुरू केले. सागरी टक्करप्रतिबंधक नियमांनुसार, जे १९७२ साली संमत झाले आणि १९७७ पासून लागू आहेत, शीड उभारलेली बोट इंजिनावर चालत असेल तर तिला यांत्रिक जहाजच मानले जाते आणि दिवसा तिने पुढच्या बाजूला खाली टोक असलेला काळा शंकू लावायचा असतो. शिडाच्या बोटीला वाट मिळते एवढाच नियम पाठ असलेला नवशिका अशा वेळी चुकीच्या हक्कावर विसंबतो. दहाव्या मैलावर तिन्ही अटी अनुकूल होत्या, तेव्हा बोट पुढे गेली.

भूशिराजवळ जुन्या लाटांचे उसळते पाणी लागले. काही वेळाने इंजिनाचा आवाज खाली गेला, पुन्हा वर आला आणि इंजिन बंद पडले.

दोन हंगाम स्थिर उभ्या असलेल्या बोटीच्या टाकीत हवेतली आर्द्रता पाणी होऊन तळाशी साचते. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना लागून असतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळा, चिकट गाळ तयार होतो. धक्क्याला किंवा शांत नदीत हा गाळ तळाशीच राहतो, म्हणून इंजिन तासन्‌तास निर्दोष चालते; लाटांत बोट हेलकावू लागली की तो ढवळून नळीत ओढला जातो आणि फिल्टर तुंबतो. इंजिनाचा बिघाड नेमका खडबडीत पाण्यात आणि खडकांजवळ होतो, तो दुर्दैवाने नव्हे, याच कारणाने. शांत पाण्यातली चाचणी फेरी हा दोष दाखवूच शकत नव्हती, आणि नव्या फिल्टरने टाकी स्वच्छ असल्याचा खोटा दिलासा दिला होता.

मित्राने पहिल्यांदा इंजिनाकडे पाहिलेच नाही. पुढचे शीड उघडले, बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, किनाऱ्यापासून दूर वळवली आणि बोटीला वेग येईपर्यंत सुकाणू सोडले नाही. दीड मैलाचे राखलेले अंतर आणि आधीच वर असलेले मुख्य शीड यांमुळे हे सहज झाले. शीड गुंडाळून, झाकण बांधून इंजिनावर निघालेल्या बोटीला हीच गोष्ट घाईत, हलत्या डेकवर, डोलकाठीपाशी उभे राहून करावी लागली असती.

मालकांनी खाली उतरून फिल्टर बदलला आणि नळीतली हवा काढली. हे काम त्यांनी आदल्या आठवड्यात धक्क्यावर एकदा स्वतःच्या हातांनी केलेले होते, म्हणूनच डिझेलच्या वासात आणि हेलकाव्यांत ते जमले. इंजिन सुरू झाले आणि अर्ध्या तासाने पुन्हा त्याच रीतीने थांबले. आता एकच सुटा फिल्टर उरला होता. तो लगेच घालायचा की बंदराच्या तोंडासाठी राखायचा, हा प्रश्न होता. त्यांनी राखायचे ठरवले, वारा थोडा वाढल्यामुळे शिडांवरच चार मैल पार केले, बंदराला रेडिओवरून इंजिन भरवशाचे नसल्याचे कळवले आणि आतल्या धक्क्याकडे न जाता तोंडापाशीच्या मोकळ्या जागेत शिडांखालीच जाऊन नांगर टाकला. नांगर सकाळपासून टाकण्यासाठी सज्ज होता. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण अरुंद जागेत संशयास्पद इंजिनावर शिरण्याचा आग्रह धरल्याने आधी नीट सावरलेला प्रसंग बिघडतो.

दुसरा दिवस

बोटीची टाकी बाजूला ठेवून, २० लिटरच्या स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून इंजिनाला थेट इंधन दिले. अशी जोडणी करताना इंजिनाकडून परत येणारी नळीही त्याच कॅनमध्ये सोडावी लागते, नाहीतर न वापरलेले इंधन जुन्या टाकीत जाते आणि कॅन अपेक्षेपेक्षा लवकर रिकामा होतो. कॅन पक्का बांधला आणि जागा हवेशीर ठेवली. असे इंजिन ताशी सुमारे दोन लिटर डिझेल घेते. उरलेल्या १७ मैलांना पावणेचार तास धरले, तरी इंधन दुपटीहून अधिक होते. शेवटचा फिल्टर घातला आणि इंजिन शेवटपर्यंत एकसारखे चालले.

खाडीत शिरताना खुणांचे बोये ओळखण्याची कसोटी लागते. अमेरिका खंड, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स येथे बंदरात शिरताना लाल बोये उजव्या हाताला ठेवतात, उरलेल्या जगात डाव्या हाताला. अभ्यासक्रम एका भागात केलेल्या माणसाने बोट दुसऱ्या भागात घेतली असेल, तर हे निघण्यापूर्वीच पक्के करावे. दांडा ठरल्या वेळी ओलांडला आणि खोलीमापकाने हिशोबाला धरूनच आकडे दाखवले.

नवा बर्थ मालकांनी आधी जमिनीवरून जाऊन पाहिला होता. तो दोन रांगांमधल्या अरुंद गल्लीत होता आणि नेहमीचा वारा बोटीला धक्क्यापासून दूर ढकलणारा होता. या बोटीचा पंखा उजवीकडे फिरणारा असल्याने मागे चालताना तिची पिछाडी डावीकडे ओढली जाते. चाचणी फेरीत मोकळ्या पाण्यात हे दोन-तीनदा करून पाहिले होते. तरीही मालकांनी मरीनाकडून पहिल्या रात्रीपुरती टोकाच्या लांब धक्क्याची जागा मागून घेतली होती. तिथे वाऱ्याच्या तोंडावर, सावकाश, डावी बाजू धक्क्याला लावता आली, आणि थोडे मागे चालवताच पिछाडी आपोआप धक्क्याकडे आली. बोटीच्या मध्यावरच्या खुंटाची दोरी सर्वांत आधी बांधली, बाकीच्या मागाहून. ठरलेल्या बर्थमध्ये बोट दुसऱ्या दिवशी पहाटे, वारा पडलेला असताना, धक्क्यावर दोन माणसे दोऱ्या घ्यायला उभी असताना नेली.

पुढच्या आठवड्यात कॉकपिटचा तळ उघडून टाकीला तपासणीचे झाकण बसवले. तळाशी पाणी आणि बोटभर जाडीचा गाळ निघाला. टाकी धुतली, जुने डिझेल विल्हेवाटीसाठी दिले, नव्या डिझेलमध्ये जंतुनाशक घातले आणि टाकी व इंजिन यांच्यामध्ये पारदर्शक भांड्याचा, पाणी वेगळे करणारा मोठा फिल्टर बसवला. त्यानंतर मालक आणि मित्र मुद्दाम लाटा असलेल्या दिवशी, पण खाडीच्या तोंडापासून फार दूर न जाता, इंजिन चालवत तीन तास बाहेर राहिले आणि परत आल्यावर भांड्यात पाण्याचा थेंब दिसतो का ते पाहिले.